आज काय इसरली?

बाईंच्या घरी चहा फुकट मिळत नसे. दिवस कलायला लागला की मागच्या अंगणात कडुलिंबाखाली त्यांचा स्टोव्ह फुरफुरू लागे, आम्ही भाडेकरू पोरी आपापला पेला घेऊन ओळीनं बसायचो, आणि चहा गाळता गाळता बाई एकेकीला विचारायच्या, "आज काय इसरली?"

काय शिकलीस, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. किती मार्क पडले, हेही नाही. "येते ते मले कायले सांगतं? येते ते तुयंच हाय, कोनी चोरून नेत नाही. गेलं काय, ते सांग."

मग जिचं जे गेलं असेल ते तिनं सांगायचं. कुणाचं गणितातलं सूत्र गेलेलं असायचं, कुणाचा घरी करायचा फोन राहिलेला असायचा, कुणाचा टॉवेल दोरीवरच भिजलेला असायचा. बाईंना सगळं सारखंच. एकच उत्तर तिथं चालत नसे, ते म्हणजे 'काही नाही'.

"काईच इसरली नाही? मनजे काईच शिकली नाही. चा नाही भेटणार."

आणि खरोखरच नाही मिळायचा. पहिले काही दिवस मी रिकामा पेला घेऊन उठले, कारण नव्या घरी आपण काही विसरत नाही असं सांगणं मला शहाणपणाचं वाटायचं. माणसाची हुशारी अशीच नको तिथं बाहेर पडते. शेजारी बसलेली, निर्मल गावाहून आलेली पोरगी दोन्ही हातांनी पेला धरून, माझ्याकडे पाहत, मुद्दाम आवाज करून चहा प्यायची.

ज्याचं नाव घेतलं ते रात्रीच्या आत शोधून ठेवायचं, हा पुढचा नियम. दुसऱ्या दिवशी बाई आधी त्याचीच चौकशी करत, "कालचं आलं का घरी?" विसरलेली गोष्ट म्हणजे त्यांच्या लेखी चुकलेली म्हैस होती. तिला नाव घेऊन हाक मारा, ती येते. हाकच मारली नाही तर मात्र दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसते.

आदिलाबादला स्टेशनच्या बाजूला बाईंचं घर. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलातून रिटायर झाल्यावर त्यांनी घरातल्या तीन खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या, त्याही फक्त इंटरला शिकणाऱ्या पोरींना. दहावीनंतरची दोन वर्षं म्हणजे आमच्याकडे इंटर. बाई उंच, काटकुळ्या, सुती पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. अंबाड्यात दुसऱ्या बायका फूल खोवतात, तिथं यांची एका टोकाला लाल, एका टोकाला निळी पेन्सिल. त्यांचे वडील निजामाच्या काळात तहसिलीत कारकून होते. वडील गेले, निजाम गेला, पण बाईंच्या तोंडात ती कचेरी तशीच भरलेली राहिली. खोलीला पंखा हवा असं म्हणालं की "दरखास्त करा." भाजीत मीठ जास्त झालं की "नामंजूर." आणि कुणी रडायला लागलं की "सुनावणी चा झाल्यावर."

त्या स्वतः लहानपणी उर्दू शाळेत बसल्या, मग राज्य बदललं तशी तेलुगू शाळेत, आणि मराठी घरीच वाचून शिकल्या. "मी तीन लिप्यायत नापास झालेली बाई हाव," असं त्या एखाद्या पदवीसारखं सांगत. त्यांच्यापुढे नापास होण्याची लाज वाटेनाशी व्हायची, ती यामुळेच असेल.

गल्लीतले लोक मात्र म्हणत, बाईचा एक स्क्रू ढिला हाय. त्याला कारण होतं. घरमालक भाडेकरूला पहिल्या दिवशी सांगतो, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, डाग पाडायचे नाहीत. बाईंनी मला पहिल्या दिवशी नारळाची करवंटी भरून कोळसे दिले आणि सांगितलं, "हे चार भिंती. लिही."

"कायनं?"

"कोयशानं. वही मिटून ठेवता येते. भित कशी मिटशील? उठली का दिसन, बसली का दिसन."

भिंतीवर लिहायची पद्धतही ठरलेली होती. धडा वाचायचा, पुस्तक मिटून पत्र्याच्या पेटीत टाकायचं, पेटीवर बसायचं आणि मग आठवेल तेवढं भिंतीवर. पुस्तक उघडून, बघून भिंतीवर उतरवलेलं त्यांना लगेच कळायचं. कसं, ते मला अजून समजलेलं नाही. दारातनं नुसती नजर फिरवत आणि म्हणत, "हे पुस्तकाचं अक्षर हाय, तुयं नाही." आठवून लिहिलेल्यात खोडाखोड असते, मधेच जागा सुटलेली असते. माझ्या भिंतीवरच्या त्या सुटलेल्या जागाच बाई उभं राहून वाचत. कॉलेजात बाईंच्या पोरी ओळखू यायच्या, आमची बोटं कायम काळी.

अभ्यासाइतकाच त्यांचा बाकीच्या गोष्टींवर डोळा असे. फ्यूज गेला की मेन स्विच बंद करून तार बदलायची पाळी आळीपाळीनं प्रत्येकीची. बँकेत जायचं तर एकटीनं, सोबत मैत्रीण न्यायची नाही, कारण "दोघी गेल्या का एक बोलते आन एक हासते." आजारी पडलं की औषधाच्या पाकिटावरचं आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं. रात्री नऊला बाई सगळ्या खोल्यांचे दिवे घालवत. कितीही गयावया करा. "लोनचं कालवून लगेच खाते का कोनी? मुरू दे." सकाळी पाचला मात्र त्या बुटांचा आवाज व्हऱ्हांड्यात फिरायला लागायचा आणि बूट दारासमोर थांबले की अंथरूण आपोआप गोळा व्हायचं.

मी आले होते पैनगंगेच्या अलीकडच्या एका खेड्यातून. आमच्याकडे घरात मराठी, शाळेत मराठी, वावरात मराठी. आदिलाबादच्या बाजारातही मराठी सर्रास चालतं, म्हणून मी तिथं बिनधास्त होते. बाईंनी ते बरोबर हेरलं. भाजी आणायला पाठवताना म्हणाल्या, "आज मराठी बोलाची नाही."

"मले तेलुगू येत नाही जी."

"एक शब्द शिकून जाय. वद्दु."

वद्दु म्हणजे नको. मला वाटलं, भाजी घ्यायला निघालेल्या माणसाला 'नको' काय कामाचं? तर बाई म्हणाल्या, "पायजे हे बोटानं दाखवता येते. 'नको' मनता आलं पायजे. कोनत्याबी मुलखात गेली तं पयले तिथलं 'नको' शिकाचं, पोरीच्या जातीनं तं पयले." त्या दिवशी मी बाजारात भाजीवालीनं पिशवीत कोंबलेली किडकी वांगी 'वद्दु' म्हणून परत केली. भाजीवाली हसली आणि तिनं चांगली वांगी निवडून दिली. येताना मी रस्ताभर वद्दु, वद्दु म्हणत आले, जसं काही मला एखादं शस्त्रच मिळालं होतं.

पण खरी अडचण बाजारात नव्हती, ती कॉलेजात होती. तिथं सगळं इंग्रजीत. दहावीपर्यंत मी वर्गात पहिली येत होते, आणि इथं सर काय बोलत आहेत तेच कळेना. मग आमच्याकडून आलेली पोरं जे करतात तेच मी केलं. इंग्रजी उत्तर देवनागरीत लिहून घेतलं आणि पाठ केलं. 'ऑस्मोसिस इज द मूव्हमेंट ऑफ वॉटर मॉलिक्यूल्स' पासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, न अडखळता, स्तोत्रासारखं. पाठांतराला मी वाघीण होते. तिमाही परीक्षेत मात्र प्रश्न उलटा फिरवून विचारला की माझं स्तोत्र सुरूच होईना. पहिला शब्द सापडला नाही तर पुढचा एकही सापडत नसे. चार विषयांत मी नापास झाले.

घरून निघताना बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पयल्या सालात पास झाली तं पुढं शिक. नाही तं घरी ये. किनवटचे पाव्हने थांबले हायेत." माझा बाप दुष्ट नव्हता. गावात पोरीला शहरात एकटी ठेवणारा तो पहिलाच, आणि रोज पारावर त्याला कुणी ना कुणी टोचत होतं. तिमाहीची बातमी गावात पोचली तेव्हा त्यानं सालाची वाट पाहिली नाही. एका दुपारी तो बाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला. धोतर, टोपी, खांद्यावर शेला. माझी पेटी बांधायची, एवढंच म्हणाला.

माझ्या समोर किनवटचं एक घर उभं राहिलं, मी कधी न पाहिलेलं, आणि त्याला एकही खिडकी नव्हती.

बाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न पाहता म्हटलं, "दरखास्त पोचली. सुनावणी उद्या सकायी. आज मुक्काम करा."

"मुक्काम नाही जी. रातची बस हाय."

"सुनावणीबिगर फैसला होत नाही. बसा."

बाबा आयुष्यात तहसिलीपुढे फार वेळा उभे राहिलेले होते. त्या शब्दांची सवय त्यांच्या हाडात होती. ते बसले.

संध्याकाळी चहाला ते आमच्याच ओळीत, शेवटी, उकिडवे बसले. एकेक पोरगी आपलं विसरलेलं सांगत गेली. मी सांगितलं, रसायनाचं एक समीकरण. मग बाई बाबांकडे वळल्या. "तुमी काय इसरले जी?"

निर्मलच्या पोरीनं माझा हात घट्ट धरला. बाबा आधी गडबडले, मग खरंच विचारात पडले. त्यांना असा प्रश्न कुणी विचारला नसावा. बऱ्याच वेळानं म्हणाले, "छत्री. बसमंदी राह्यली."

"ठेवली कुठी होती?"

"सीटाखाली."

"मनजे ठेवली कुठी थे पक्कं ठाऊक हाय, काढाचंच राह्यलं." बाईंनी त्यांचा पेला भरला. "तुमच्या पोरीचं असंच हाय. तिनं सगळं सीटाखाली नीट ठेवलं हाय. उतरताना हाताले लागत नाही."

बाबांनी चहा प्यायला, पण पाघळले नाहीत. झोपताना म्हणाले, "सकायी पेटी बांध."

सकाळी बाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारात बसवलं. समोर बाबा. मध्ये ताटलीत कारल्याच्या चकत्या. मी त्यांच्यावर मीठ चोळायचं होतं, रोजच्यासारखं. मी चोळलं. थोड्या वेळानं ताटली तिरपी केली तर खाली पाणी साचलेलं.

"हे पानी कुठून आलं?" बाईंनी विचारलं.

मी ताठ बसले आणि सुरू केलं, "ऑस्मोसिस इज द मूव्हमेंट ऑफ..."

"नामंजूर. कोनाले सांगून राह्यली? तुया बापाले इंग्रजी येते?"

"नाही."

"मंग बापाले कयन असं सांग. त्याले कयलं तं तुले येते. त्याले नाही कयलं तं पेटी बांधाले मीच मदत करतो." 'करतो'च म्हणाल्या, आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. आणि बाई बोललेलं करतात, हे मला ठाऊक होतं.

मी बाबांकडे पाहिलं. ते कारल्याकडे पाहत होते. मी चाचरत सुरुवात केली. "बाबा, कारल्याच्या आंगात पानी हाय. वरतून मीठ घातलं. आत पातय, भाईर खारट. मधात कारल्याची कातडी. ते कातडी मिठाले आत येऊ देत नाही, पन पान्याले जाऊ देते. मंग पानी जिथी खार जास्त हाय तिकडं वढलं जाते."

"हं," बाबा म्हणाले. ऐकलं एवढंच सांगणारा हं.

आणि तेव्हा, का कुणास ठाऊक, माझ्या डोळ्यांपुढे आमचं नाल्याकाठचं वावर आलं. दोन वर्षांपूर्वी तिथली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची रोपं, वीतभर झालेली असताना एकाएकी माना टाकून वाळली होती. जमीन ओली, पाऊस झालेला, आणि रोपं वाळलेली. बाबांनी बियाण्याला दोष दिला होता. बियाणेवाल्याशी भांडून आले होते आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नव्हते.

"बाबा, आपली नाल्याकडची पऱ्हाटी जयली होती ना? तवा तुमी युरियाची मूठ बुडाशी टाकली होती. जल्दी वाढन मनून जास्त टाकली होती." माझा आवाज माझ्याच कानाला वेगळा लागला. "तिथंबी असंच झालं. भाईर खार जास्त झाला. पऱ्हाटीनं पानी पेलं नाही, तिच्याच आंगातलं पानी मातीनं वढून घेतलं. बियानं खराब नोतं."

बाबांनी ताटलीतली एक चकती उचलली, दोन बोटांत दाबली, मऊ पडलेली होती. मग त्यांनी विचारलं, "मंग त्या टायमाले वरतून पानी सोडलं असतं तं?"

हे माझ्या पुस्तकात नव्हतं. सरांनी सांगितलेलं नव्हतं, कुठल्याच पानावर नव्हतं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी कारली पिळायला घेतली होती आणि त्यांचं सगळं लक्ष, जसं काही जगात दुसरं काहीच चाललेलं नाही, त्या कारल्यात होतं. मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की आता मलाच विचार करायचा आहे, आणि पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नाही. ती भीती अजून आठवते, आणि त्या भीतीच्या पोटात असलेली मजाही.

"वाचली असती," मी म्हणाले. "पन थोडक्या पान्यानं नाही. लय पानी पायजे. खार पातय होऊन वाहून जाईन इतकं."

बाबांनी मान वर केली. "खालचे पऱ्हाटीचे तास वाचले होते," ते सावकाश म्हणाले. "नाल्याचं पानी शिरलं होतं तिथी. मी मनलं, देवाची करनी."

आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या डोक्यानं एक गोष्ट सांगितली होती, आणि ती खरी निघाली होती. ती आमच्याच वावरात, माझ्या सांगण्याची वाट पाहत दोन वर्षं पडून होती.

"हे पुस्तकात हाय?" बाबांनी विचारलं.

"कारल्यासारखं हाय. आपली पऱ्हाटी नाही."

"पऱ्हाटी तिनं घातली," बाई पहिल्यांदाच मध्ये बोलल्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, अंबाड्यातली पेन्सिल काढून हातात घेतली. "बोला जी. दरखास्तीचं काय?"

बाबांनी शेला झटकून पुन्हा खांद्यावर टाकला. "वापस घेतो जी. परीक्षेपर्यंत."

"मुद्दत मंजूर," बाई म्हणाल्या, आणि कारल्याला फोडणी दिली. बाबा जेवून गेले. पेटी जिथं होती तिथंच राहिली.

त्यानंतरही इंग्रजी होतंच की. ते कारल्यासारखं पिळून निघत नाही. पण बाईंनी क्रम बदलून दिला. आधी धडा आमच्या बोलीत कुणाला तरी सांगायचा. कुणी नसेल तर कडुलिंबाला. त्या कडुलिंबाला, मला वाटतं, इंटरचं सगळं सायन्स येत असणार. मग ते भिंतीवर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत. पाठ केलेलं वाक्य सापडलं की बाई ओल्या फडक्यानं पुसत. "इंग्रजी लुगडं हाय. आंग असलं तं नेसवता येते. तू नुसतं लुगडं घडी करून ठेवून राह्यली होती." निर्मलच्या पोरीच्या घरी लाकडी खेळण्यांचं काम चालायचं. ती म्हणाली, आमच्याकडेही आधी लाकूड कोरतात, रंग मग देतात. बाई तिच्यावर इतक्या खूश झाल्या की त्या संध्याकाळी तिला विचारलंच नाही, काय विसरली ते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांच्या पेट्यांना कुलपं घातली आणि आम्हाला बसनं इचोड्याला नेलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी! एकीच्या आईनं फोनवर बाईंना काय काय सुनावलं ते फोनबाहेरही ऐकू येत होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, "घागर भरली बाई. आता वतून राह्यलं तं सांडन." इचोड्याला रस्त्याकाठच्या धाब्यावर आम्ही डाळ-रोटी खाल्ली, नागपूरकडे आणि हैदराबादकडे जाणारे ट्रक पाहिले, बांगड्या घेतल्या. निर्मलची पोरगी एवढी हसली की तिला ठसका लागला. परतीच्या बसमध्ये संध्याकाळ झाली. आम्ही सवयीनं वाट पाहत होतो. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज इचारत नाही. आज इसरलं तरी चालते." त्या रात्री मला पडल्या पडल्या झोप लागली.

पेपरात प्रश्न उलटेसुलटे होतेच. एका प्रश्नाला मला एकही इंग्रजी वाक्य आठवेना. मी पेन खाली ठेवलं, डोळे मिटले आणि बाबांना समोर बसवलं. त्यांना सगळं सांगितलं. ते 'हं' म्हणाले. मग मी डोळे उघडले आणि त्याला लुगडं नेसवलं, आखूड होतं, पण नेसवलं.

परीक्षा संपली की बाईंच्या घरी आणखी एक रीत होती. जिची भिंत तिनंच चुना देऊन पांढरी करायची आणि मग गावी जायचं. मी ब्रश घेऊन उभी राहिले आणि माझा हातच उठेना. वर्षभराचं माझं सगळं त्या भिंतींवर होतं. कोपऱ्यात कारलं होतं, त्याच्या शेजारी पऱ्हाटी. एक भिंत राहू द्या, असं मी म्हणाले.

"नामंजूर," बाई म्हणाल्या. "भितीवर हाय ते भितीचं. उरन ते तुयं. दुसरी पोरगी येनार हाय, तिले कोरी भित लागते."

मी चुना मारायला घेतला. खिडकीजवळ जुन्या चुन्याचा एक पोपडा निघाला आणि त्याखाली कोळशाची अक्षरं दिसली, माझ्या आधीच्या कुणाची तरी. ते पुसट होतं, तेलुगूत. तेही थोडं खरवडलं तर खाली आणखी एक थर, त्यात मराठी. मी थांबले. त्या भिंतींच्या पोटात किती पोरींची किती वर्षं थरावर थर बसलेली होती. दरवर्षी त्या खोल्या आतून केसभर लहान होत गेल्या असतील. आणि या सगळ्यावर ती बाई अंबाड्यात पेन्सिल खोवून, कुणाच्या नावाची पाटी न लावता, शांतपणे राहत होती. मी देवळात जोडते तसे हात जोडले. मग पोपड्यावर चुना मारला.

निकालाच्या दिवशी बस स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात बाबा माझ्या मागे उभे होते. पडद्यावरचं त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी सगळ्या विषयांत पास होते. बाईंकडे पेढे ठेवून निघताना बाबा दारात वळून म्हणाले, "छत्री घेतली जी या खेपेले." किनवटच्या पाहुण्यांना त्यांनी काय निरोप दिला, ते मला कधी कळलं नाही, मी विचारलंही नाही.

आता मी निर्मलला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझ्या वर्गात खेड्यांतून आलेली पोरं असतात, आणि ती अजून स्तोत्रं म्हणतात. मी त्यांना विचारते, हे तुझ्या आईला कळेल असं सांग बघू. बाईंच्या मानानं हे काहीच नाही. त्यांच्यासारखं दुसऱ्याच्या विचारासाठी गप्प बसून कारली पिळणं मला अजून जमत नाही, मी मध्येच उत्तर सांगून टाकते.

बाईंच्या घरून मी निघाले तेव्हापासून एक गोष्ट सुरू झाली ती मात्र कधी थांबली नाही. रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला गावाहून बाबांचा फोन येतो. कसं आहे, जेवलीस का, हे नंतर. आधी एकच प्रश्न, "आज काय इसरली?" मी काहीतरी सांगते. हजेरी घ्यायची राहिली, दूध उतू गेलं, एका विद्यार्थ्याचं नाव आठवलं नाही. मग तेही सांगतात. चष्मा, गाईची दोरी, एकदा तर स्वतःचं वय.

बाई गेल्या त्या दिवशी मी आदिलाबादला जाऊन आले. ज्यांना जमलं त्या सगळ्या जुन्या भाडेकरू आल्या होत्या. परीक्षा जवळ आलेली होती, त्यामुळे खोल्यांतल्या भिंती कोळशानं भरलेल्या होत्या. ओट्यावर पांढरे कॅनव्हासचे बूट जोडून ठेवलेले होते. मी संध्याकाळी निर्मलला परतले, हातपाय धुतले, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि फोन वाजला.

"आज काय इसरली?" बाबांनी विचारलं. आवाज रोजचाच ठेवायचा प्रयत्न होता.

मी आठवायचा प्रयत्न केला. काही म्हणजे काही विसरलेलं नव्हतं. करवंटी, कोळसा, वद्दु, कारलं, पाचचे बूट, इचोड्याचे ट्रक, चुन्याखालची अक्षरं. सगळं हाताला लागत होतं.

"काहीच नाही, बाबा."

माझा बाप म्हणाला, "काईच नाही? मंग आज चा नाही भेटणार."

आधण उकळायला लागलं होतं. मी गॅस बंद केला.